'नको'चा वर्तमानकाळ

१

विजय तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर' पदव्युत्तर वर्गात चर्चेला येते, तेव्हा चंपाच्या वाट्याला येणाऱ्या रात्रींविषयीचे बोलणे बहुधा एका वाक्यापाशी येऊन थांबते : 'तिने सखारामच्या अटी मान्य केल्याच होत्या.' हे वाक्य विद्यार्थ्याच्या तोंडी असते तसे अभ्यासकाच्या लेखणीतूनही उतरते. त्यात दुष्टावा नसतो, परंतु एक गृहीत मात्र असते. संमती ही एकदाच द्यावयाची गोष्ट आहे. ती दिली की तिचा हिशेब मिटला. त्यानंतरचा नकार हा वचनभंग, लहरीपणा किंवा फार तर स्वभावदोष, असे ते गृहीत आहे.

या गृहीतामुळे मराठीतील काही महत्त्वाच्या संहितांचे वाचन अर्धे राहिले आहे. शरीरसंबंधाला दिलेली संमती कोणत्याही क्षणी मागे घेता येते. किंबहुना जी मागे घेता येत नाही तिला संमती म्हणण्यात अर्थच उरत नाही. हा विचार परका, आयात केलेला किंवा केवळ वकिलांच्या कामाचा आहे असे मानण्याचे कारण नाही. तो मराठी भाषेत आहे, मराठी माणसांच्या इतिहासात आहे आणि मराठी रंगभूमीवरही आहे. तो वाचला गेलेला नाही, एवढेच.

२

आरंभ भाषेपासून करणे सोयीचे होईल. मराठीत होकार आहे, रुकार आहे, नकार आहे. दिलेला होकार मागे घेण्यासाठी मात्र निर्दोष असा शब्द सहजी सापडत नाही. जे वाक्प्रचार आहेत ते दोष देणारे आहेत : शब्द फिरविणे, शब्द मोडणे, घूमजाव करणे. उलट शब्दाला जागणे हा सद्गुण. व्यवहारात इसार दिला की सौदा पक्का होतो आणि मागे फिरणाऱ्याने नुकसान सोसावयाचे असते. लग्न जुळविण्याची भाषाही याच व्यवहाराची आहे. बोलणी होतात, याद्या होतात, सुपारी फुटते; आणि पुढे जे काही वाट्याला येईल त्यासाठी 'पदरी पडले पवित्र झाले' ही म्हण तयारच असते.

जमीन, गुरे, धान्य यांच्या बाबतीत ही नीती योग्यच आहे. तेथे दिलेली वस्तू देणाऱ्यापासून वेगळी होते. देणारा घरी जातो आणि वस्तू घेणाऱ्याकडे राहते. शरीराचे तसे नाही. देणारी व्यक्ती त्या देण्यात प्रत्येक वेळी स्वतः हजर असते. तिला बाजूला ठेवून तिचे शरीर हस्तांतरित होत नाही. म्हणूनच शब्द आणि सौदा ही दोन्ही रूपके येथे अपुरी पडतात. कालच्या होकाराने आजच्या हजर असलेल्या व्यक्तीला बांधावयाचे, तर तिची हजेरीच नाकारावी लागते.

भाषेत शब्द नाही म्हणून जाणीवही नाही, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. मराठीने 'नाही' आणि 'नको' यांत भेद केला आहे, आणि हा भेद लहान नाही. 'नाही' वस्तुस्थितीचा निषेध करते, 'नको' इच्छेचा. 'नाही' म्हणणाऱ्याला कारण विचारता येते, पुरावा मागता येतो. 'नको' म्हणणाऱ्याने केवळ आपले मन सांगितलेले असते. आणि एकटा 'नको' नेहमी वर्तमानात उभा असतो. त्याला भूतकाळात न्यावयाचे तर 'होते'चा आधार द्यावा लागतो. काल हवे होते, आज नको, यात मराठीच्या कोणत्याही बोलणाऱ्याला विसंगती जाणवत नाही. जेवणाच्या पानावर यजमान कितीही आग्रह करो, अर्ध्या जेवणात हात आडवा धरून 'नको' म्हणणाऱ्याला कोणी वचनभंगी ठरवीत नाही. जी मुभा जेवणाऱ्याला आहे ती शय्येवरच्या स्त्रीला का नसावी, हाच खरा प्रश्न आहे, आणि तो शंभराहून अधिक वर्षे महाराष्ट्रात विचारला जात आहे.

३

तो प्रथम ठळकपणे विचारला गेला मुंबईच्या न्यायालयात. रखमाबाईंचा विवाह १८७६ साली, त्या अकरा वर्षांच्या असताना दादाजी भिकाजी यांच्याशी झाला. त्या सासरी नांदावयास गेल्याच नाहीत. १८८४ साली दादाजींनी वैवाहिक हक्कांच्या प्रस्थापनेसाठी दावा लावला. अजाणतेपणी दुसऱ्यांनी करून दिलेल्या लग्नाने आपण बांधल्या जात नाही, अशी रखमाबाईंची भूमिका होती. सप्टेंबर १८८५मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. अपिलात १८८६ साली हा निर्णय फिरला, आणि मार्च १८८७मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी पतीकडे जावे, अन्यथा सहा महिन्यांची कैद भोगावी, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी कैदेची तयारी दाखविली. १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड होऊन प्रकरण मिटले. रखमाबाई पुढे इंग्लंडला गेल्या, डॉक्टर झाल्या, हे सर्वश्रुत आहे.

या खटल्याची कथा धैर्याची कथा म्हणून सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु पिन्हे यांच्या निकालातील एक बारकावा सहसा लक्षात घेतला जात नाही. जे सहजीवन कधी सुरूच झाले नाही ते 'पुन्हा' सुरू करण्याचा हुकूम कसा द्यावा, या मुद्द्यावर तो निकाल उभा होता. म्हणजे रखमाबाईंच्या बाजूने लागलेल्या त्या एकमेव निकालातही एका रात्रीचे अंतर होते. त्या एक दिवस जरी नांदल्या असत्या, तर त्या युक्तिवादाचे संरक्षण त्यांना लाभले नसते. कधीच होकार न दिलेल्या स्त्रीची बाजू निदान ऐकली गेली. एकदा होकार दिलेल्या स्त्रीची बाजू प्रश्न म्हणूनही पुढे आली नाही.

पुण्यातून या प्रकरणी जो विरोध झाला, त्याच्या अग्रभागी टिळक होते. विवाह हा संस्कार आहे, करार नव्हे. तेव्हा वधूच्या संमतीचा प्रश्न उद्भवतच नाही, असा या विरोधाचा एक मुख्य आधार होता. सुधारकांचे उत्तर साहजिकच विवाहाला कराराकडे नेणारे होते. वाद असा मांडला गेल्यामुळे एक तिसरी शक्यता दोन्ही बाजूंच्या नजरेतून निसटली. संस्कार असो की करार, दोहोंतही संमती विवाहाच्या वेळी, एकदाच, विचारात घेतली जाते.

संमतिवयाच्या वादाने ही मर्यादा पक्की केली. बंगालमधील फुलमणी या अकरा वर्षांच्या बालपत्नीच्या मृत्यूचा खटला १८९० साली गाजला. मलबारींची चळवळ त्याआधीपासून चालू होती. जानेवारी १८९१मध्ये सर अँड्र्यू स्कोबल यांनी विधेयक मांडले आणि १९ मार्च १८९१ रोजी ते संमत होऊन वयाची मर्यादा दहावरून बारावर आली. पुणे हे या वादाचे एक प्रमुख रणक्षेत्र होते. एका बाजूला टिळक, दुसऱ्या बाजूला आगरकर, रानडे, भांडारकर. आणि रंगभूमीवर नारायण बापूजी कानिटकरांसारखे नाटककार सुधारकांची टर उडविणारी नाटके लिहीत होते.

या कायद्याने किती बालिकांचे प्राण वाचले याचे मोल कमी करण्याचे कारण नाही. तथापि त्याने मराठी गद्यात एक समास रूढ केला : 'संमतिवय'. संमती वयाला जोडली गेली. ती तारीख झाली, उंबरठा झाली. उंबरठ्याच्या अलीकडे मुलीचा होकारही ग्राह्य नाही. पलीकडे पत्नीचा नकारही ग्राह्य नाही. मधल्या काळात ज्या स्त्रीला खरोखर काही म्हणावयाचे होते तिच्यासाठी या समासात जागाच उरली नाही.

देवलांचे 'संगीत शारदा' (१८९९) या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. शारदेचा नकार मराठी प्रेक्षकाने पिढ्यान्‌पिढ्या डोळे पुसत ऐकला. परंतु भुजंगनाथाशी होऊ घातलेले तिचे लग्न मोडते ते त्या नकारामुळे नव्हे. वधूवर सगोत्र असल्याचे उघड होते, आणि शास्त्राच्या आक्षेपाने लग्न थांबते. नाटकाला तिच्याविषयी अपार करुणा आहे. पण तिच्या 'नको'ला लग्न थांबविण्याची शक्ती ते देऊ शकत नाही. विवाहापूर्वीच्या नकाराची ही स्थिती असेल, तर विवाहानंतरच्या नकाराविषयी काही बोलावयासच नको.

४

या पार्श्वभूमीवर १९७२चा मार्च महिना मराठी साहित्याच्या अभ्यासकाने जपून वाचावा असा आहे. याच महिन्यात 'सखाराम बाइंडर' रंगभूमीवर आले. कमलाकर सारंग यांचे दिग्दर्शन, निळू फुले यांचा सखाराम आणि लालन सारंग यांची चंपा. याच महिन्याच्या २६ तारखेच्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तो खटला पुढे 'मथुरा प्रकरण' या नावाने देशभर ओळखला गेला. दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. परंतु दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारला गेला, आणि रंगमंचावरचे उत्तर न्यायालयातील अंतिम उत्तरापेक्षा अधिक स्वच्छ होते.

सखाराम स्वतःला ढोंगी नवरे-मंडळींपेक्षा प्रामाणिक समजतो. टाकलेल्या बायकांना तो घरी आणतो, घरचे नियम आधीच सांगतो आणि पटले नाही तर जाण्याची मोकळीक देतो. निरोपाचे लुगडे आणि गाडीभाडेही देण्याची त्याची तयारी असते. मंगळसूत्रापेक्षा ही व्यवस्था अधिक न्याय्य आहे असे त्याला वाटते, आणि काही समीक्षकांनाही ते पटले आहे. पण या व्यवस्थेत बाईला घर सोडता येते. घरात राहून 'नको' म्हणता येत नाही. निघून जाण्याचा हक्क आणि नाकारण्याचा हक्क हे दोन वेगळे हक्क आहेत. ज्या बाईला जावयास दुसरे घर नाही, तिला पहिला हक्क देऊन दुसरा काढून घेणे म्हणजे तिला काहीच न देणे होय.

चंपा हे जाणते. आईकडून विकत घेऊन, ती वयातही आली नसताना, फौजदार शिंद्याने तिच्याशी लग्न केलेले आहे. म्हणजे १८९१च्या कायद्याने ज्या मुलीला वाचवावयाचे होते तीच ही मुलगी, ऐंशी वर्षांनंतरची. सखारामच्या घरी ती पहिल्यांदा स्पष्ट नकार देते. बाहेर काढण्याची धमकी मिळते. मग ती दारू मागते. पुढे तो तिचा नेमच होतो. चंपाच्या दारूचा विचार बहुतेक वेळा तिच्या रांगड्या, मोकळ्या स्वभावाचे लक्षण म्हणून झाला आहे. वास्तविक ती दारू हेच तिचे विधान आहे. शुद्धीत राहून जो होकार देणे शक्य नाही, तो देण्यासाठी ती स्वतःला तेथून उठवून बाहेर पाठविते. शरीर घरात राहते आणि चंपा निघून जाते. अटी मान्य केल्याचा करार शाबूत आहे, संमती मात्र रोज रात्री मागे घेतली जात आहे, आणि ती ऐकणारे कोणी नाही. दाऊदकडे ती स्वतःहून जाते. तिने स्वेच्छेने दिलेल्या या होकाराची शिक्षा म्हणून ती मारली जाते.

नाटकावर बंदीचे सावट आले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. सारंगांच्या 'बाइंडरचे दिवस'मध्ये त्या लढ्याची हकीकत आहे. या गदारोळात आक्षेप होता तो भाषेवर आणि दृश्यांवर. चंपाला दारू का लागते, हा प्रश्न अश्लीलता शोधणाऱ्यांना पडला नाही; दुर्दैवाने तो नाटकाच्या कैवाऱ्यांनाही फारसा पडला नाही.

देसाईगंजच्या खटल्यात सत्र न्यायालयाने १९७४ साली आरोपींना सोडले. मुलीला शरीरसंबंधाची सवय होती, हे त्यामागचे एक कारण होते. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ साली निकाल फिरविला; भीतीपोटी निमूटपणे सोसणे म्हणजे संमती नव्हे, असा भेद त्याने केला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो भेद पुसला. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, म्हणून आरोपी पुन्हा निर्दोष ठरले. सप्टेंबर १९७९मध्ये चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना जे खुले पत्र लिहिले, त्यात दिल्ली विद्यापीठाचे उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार यांच्यासह पुणे विद्यापीठाच्या वसुधा धागमवार होत्या. मराठी कादंबरीकार गीता साने यांच्या त्या कन्या, हा योगायोग साहित्याच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावा. संमतीत शरण जाणे असते, पण शरण जाण्यात संमती असतेच असे नाही, हे त्या पत्राचे सार होते. चंपाच्या दारूचे याहून नेमके भाष्य मराठी समीक्षेत शोधूनही सापडणे कठीण आहे.

५

त्यानंतर कायदा पुढे सरकला. १९८३च्या दुरुस्तीने कोठडीतील अत्याचाराच्या खटल्यांत संमती नव्हती असे गृहीत धरण्याची तरतूद केली. २०१३ साली संमतीची व्याख्या आली : ती निःसंदिग्ध व स्वेच्छेची हवी, ती शब्दांनी, हावभावांनी वा अन्य प्रकारे व्यक्त झालेली हवी, आणि ती त्या विशिष्ट कृतीपुरती असते. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती ठरत नाही, हेही त्यात स्पष्ट झाले. भारतीय न्याय संहितेने, जी १ जुलै २०२४पासून अमलात आली, ही व्याख्या कायम ठेवली. संमती विशिष्ट कृतीपुरती असते हे मान्य केले, की ती मागे घेण्याचा हक्क वेगळा लिहावाही लागत नाही. तो त्या व्याख्येतूनच निघतो. २०२५ साली, ज्या नागपूर खंडपीठाने १९७६मध्ये संमती आणि सोसणे यांत फरक केला होता, त्याच खंडपीठाने एका वेळची संमती ही सर्व वेळची संमती होत नाही, असे स्पष्ट शब्दांत सांगितले.

जगातही हा प्रवास सरळ झालेला नाही. पत्नीने विवाहसमयी दिलेली संमती तिला मागे घेता येत नाही, हा सिद्धान्त इंग्रज न्यायाधीश मॅथ्यू हेल यांच्या १७३६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातला. इंग्लंडने तो १९९१ साली टाकून दिला. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात १९७९च्या एका निकालाने, सुरू झालेल्या संबंधात संमती मागे घेता येत नाही असे ठरविले. ते कायद्याने बदलावयास २०१९ उजाडले. भारतात मात्र हेल यांची सावली अजून आहे. १८ वर्षांवरील पत्नीच्या बाबतीत पतीला असलेला अपवाद न्याय संहितेतही ठेवण्यात आला आहे. हिंदू विवाह कायद्याचे नववे कलम, म्हणजे दादाजींच्या दाव्याचाच वारस, १९८३ साली आंध्र उच्च न्यायालयाने रद्द ठरविले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली ते वैध ठरविले. 'संमतिवया'चा उंबरठा येथेही दिसतो : अठरापर्यंत कायदा पत्नीच्या वतीने बोलतो, त्यानंतर तिला बोलू देत नाही.

६

याविरुद्ध घेतले जाणारे दोन आक्षेप गंभीरपणे घ्यावयास हवेत. पहिला असा, की संमती केव्हाही मागे घेता येऊ लागली, तर काल घडलेल्या गोष्टीला आज गुन्हा म्हणता येईल. हा गैरसमज आहे. मागे घेतलेली संमती पुढे लागू होते, मागे नाही. 'नको' उच्चारले गेल्यानंतर जे घडते त्याचाच हिशेब मागितला जातो. त्याआधीचा होकार होकारच राहतो. लग्नाचे वचन आणि संमती यांची गल्लतही येथेच होते. वचन देतानाच ते खोटे असणे आणि प्रामाणिकपणे दिलेले वचन पुढे पाळता न येणे, यांतला फरक सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका प्रकरणात २०१९ साली स्पष्ट केला आहे. तो प्रश्न शब्दाचा आहे. येथील प्रश्न शरीराचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक हळवा आहे. सहजीवन विश्वासावर चालते; प्रत्येक क्षणी परवानगी मागावयाची तर जिव्हाळा कसा टिकावा? परंतु जिव्हाळ्याच्या नात्यात 'नको' ऐकू येण्यासाठी कायद्याची गरज लागत नाही, चेहरा पुरतो. जेथे चेहरा वाचला जात नाही आणि शब्दही ऐकला जात नाही, तेथे विश्वास आधीच संपलेला असतो. 'नको' निर्भयपणे म्हणता येते त्याच घरातल्या होकाराला काही किंमत असते.

राहतो प्रश्न साहित्याच्या अध्यापनाचा. अध्यापक न्यायनिवाडा करीत नाही, पण वाचावयास शिकवितो. चंपाने अटी मान्य केल्या होत्या, या वाक्यावर चर्चा संपविणारा वर्ग उद्या पंच, पोलीस, वकील, नवरे आणि सासवा म्हणून समाजात जातो, आणि देसाईगंजच्या ठाण्यात काय घडले हे ठरविताना हेच वाक्य त्याच्या मदतीला येते. त्या वाक्यानंतर एक प्रश्न विचारणे वर्गात शक्य आहे : मग तिला दारू का लागत होती? उत्तर संहितेतच आहे. ते शोधावयास कोणत्याही परकीय सिद्धान्ताची आवश्यकता नाही; 'नाही' आणि 'नको' यांतला फरक ज्याच्या कानाला कळतो, असा मराठीचा वाचक पुरेसा आहे.